लॉट नंबर चौदाची गोळी उघडेना

सातवी गोळीसुद्धा जेलीच्या ठोकळ्यातून आरपार गेली आणि मागच्या वाळूच्या पेटीत धप्पकन जाऊन बसली.  चाचणीच्या रेंजवर पहिला मी बोललो.

"जेली पुरेशी गार नसणार."

हेच वाक्य मी दुसऱ्या गोळीनंतर बोललो होतो आणि चौथीनंतरही. प्लांट हेड वाघमोडेसाहेबांनी कानावरचे मफ काढून गळ्यात अडकवले आणि माझ्याकडं बघितलं.

"दरंदले, पुढच्या बुधवारी पोलिसांची कमिटी येतेय. त्यांच्यापुढं पण हेच म्हणणार का?"

"नाही सर. तोपर्यंत कारण सापडेल."

"कुणाला सापडेल?"

ह्या प्रश्नाचं उत्तर 'मला' असं द्यायचं असतं. मी दिलंही. आवाज जरा बारीक आला.

सुप्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. पोलिसांसाठी काडतुसं बनवायचं लायसन असलेला. मी तिथं डिझाईनचा प्रमुख होतो. प्रमुख म्हणजे डिपार्टमेंटमध्ये मी आणि एक कॉम्प्युटर. त्यातला कॉम्प्युटर सीनियर होता.

पुढचं कळायला दोन गोष्टी सांगतो, फार तांत्रिक नाहीत. आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो त्यात चार वस्तू असतात. पितळेचं नळकांडं, त्याच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेला धातूचा दाणा. बंदुकीतून उडतो तो फक्त दाणा. त्याला आम्ही बुलेट म्हणतो. चारही वस्तू जोडल्या की झाला राउंड. नुसती बुलेट हातात घेऊन तुम्ही दिवसभर हिंडलात तरी ती काही करत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी ते फारच लक्षात ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट. साधी टोकदार बुलेट माणसातून आरपार जाते आणि पुढं चालू लागते. पोलिसांची अडचण इथंच असते. समोर पिस्तूल घेतलेला गुन्हेगार आणि त्याच्या मागं एसटी स्टँड. त्याला लागून पुढं गेलेली गोळी पाथर्डीच्या गाडीची वाट बघणाऱ्या म्हातारीला लागली तर? म्हणून त्यांना अशी बुलेट हवी असते जी पहिल्यातच अडकून पडेल. तिच्या नाकाशी एक पोकळी ठेवतात आणि पोकळीच्या काठाला बारीक चिरा देतात. आपण भरल्या वांग्याला देतो तशा, टोकाकडून सुरुवात आणि देठापाशी थांबायचं. बुलेट ओल्या मऊ गोष्टीत घुसली की ती ओल पोकळीत शिरते, आतून दाब देते आणि नाक चिरांवर उमलतं. उमललेली बुलेट रुंद झालेली असते, त्यामुळं तिचा वेग मरतो आणि ती थांबते. युद्धात असली गोळी वापरायला सव्वाशे वर्षं आंतरराष्ट्रीय बंदी आहे. पोलिसांना ती चालते, ती त्या म्हातारीमुळं. काम म्हणून हे गोड नाही. पण बनवायचीच तर ती नेमकी उघडली पाहिजे, ह्या एका गोष्टीवर माझी नोकरी उभी होती.

उघडते की नाही हे बघायला माणूस वापरता येत नाही, तेव्हा जिलेटिनचा ठोकळा वापरतात. पारदर्शक, थुलथुलीत, आणि फ्रिजसारखा गार ठेवलेला. गार ठेवण्यावरून आमच्याकडं आधीच एक महाभारत झालं होतं. मी पहिला ठोकळा कॅंटीनच्या फ्रिजमध्ये ठेवला. कॅंटीन चालवणाऱ्या बाई माळकरी. जिलेटिन हाडांपासून होतं हे मीच त्यांना कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठोकळा बाहेर कुंडीशेजारी उन्हात, आणि फ्रिज गोमूत्रानं पुसलेला. शेवटी नगरच्या एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून जुना डीप फ्रीझर आणला. त्यावर दोन कोन आणि एका हसऱ्या पेंग्विनचं चित्र होतं. तेव्हापासून आमच्या टेस्ट रेंजला अख्खा कारखाना 'कुल्फी सेक्शन' म्हणायचा. कमिटीच्या पत्रव्यवहारातसुद्धा एकदा तसं टाईप झालं होतं.

तर ह्या कुल्फी सेक्शनमध्ये दसऱ्याच्या आधी लॉट नंबर तेरा मारला होता. दहाच्या दहा बुलेट उमलल्या. सहा पाकळ्या, सगळ्या सारख्या. मी त्यातली एक टेबलावर ठेवली आणि येईल त्याला हातात देऊन व्याख्यान देऊ लागलो. कुरियरवाल्यालाही दिलं. त्याला सही हवी होती.

मग कमिटीसाठी लॉट चौदा काढला. तीच ड्रॉइंग, तेच तांबं, तेच शिसं, तेच प्रेस, तोच पंच. मधे दसऱ्याची सुट्टी गेली, सुट्टीनंतर राउंड भरून झाले, आणि आज सातच्या सात गोळ्या न उमलता सरळ गेल्या. वाळूतून काढल्या तर निघाल्या तशाच, बंद नाकाच्या.

पहिल्या दिवशी मी जेलीवर आळ घेतला. जेली पुन्हा बनवली, रात्रभर पेंग्विनच्या पोटात ठेवली, थर्मामीटर खुपसून बघितला. दुसऱ्या दिवशी गोळी पुन्हा आरपार.

मग मी वेगावर आळ घेतला. गोळी हळू गेली तर आत दाब कमी येतो आणि ती उमलत नाही, हे खरं आहे. क्वालिटीच्या प्रमुख शेख मॅडमनी वेग मोजायच्या यंत्राचा कागद माझ्यापुढं धरला.

"सर, वेग बरोबर आहे."

"यंत्र बरोबर आहे का?"

"यंत्र मागच्याच महिन्यात तपासून आलंय. सर्टिफिकेटवर तुमचीही सही आहे."

शेख मॅडम नगरच्याच. आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांना खात्री असली की त्या आणखी हळू बोलायच्या. त्या दिवशी त्यांचं बोलणं मला जवळजवळ ऐकूच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी वाघमोडेसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब रोज पुण्याहून जाऊन येऊन करायचे, त्यामुळं शिरूरच्या ट्रॅफिकचा राग सकाळी साडेदहापर्यंत शिल्लक असायचा. मी दहा वाजता गेलो, ही माझी त्या आठवड्यातली सगळ्यात छोटी चूक.

"रूट कॉज?"

"सर, स्कोअरिंग पंच झिजला असावा."

स्कोअरिंग पंच म्हणजे बुलेटच्या नाकावर त्या सहा चिरा पाडणारं हत्यार. पंचाची धार गेली तर चिरा उथळ पडतात आणि नाक उघडत नाही. पुस्तकात असंच लिहिलं आहे. फक्त मी पंच बघितलेला नव्हता.

"असावा, की आहे? मला हेड ऑफिसला मेल करायचाय."

"आहे."

हा बदल करायला मला अर्धा सेकंद लागला. त्या अर्ध्या सेकंदात मी भाऊसाहेब कळमकरचं करिअर हातात घेतलं आणि खाली टाकलं.

भाऊसाहेब आमच्या टूलरूमचा सगळ्यात जुना फिटर. पारनेरकडचा. बावीस वर्षं पंच आणि डाय, म्हणजे साचे, घासत आलेला. यंदाच्या दिवाळीत त्याला टूलरूम इन्चार्ज करायचं जवळजवळ ठरलं होतं. पेपरातल्या मोठ्या बातम्याही वाचायचा नाही, पण पंचाच्या धारेवर नख फिरवून कुठं किती गेलं हे सांगायचा, आणि मायक्रोमीटर नंतर तेच सांगायचा. साहेबांचा मेल गेल्यावर दोन तासांत ठरलं ते असं: पंच यापुढं पुण्याच्या वेंडरकडून करून घ्यायचे, इन्चार्जचा विषय बाजूला ठेवायचा आणि भाऊसाहेबाला डिस्पॅचला पाठवायचं. खोक्यांवर स्टिकर लावायला.

दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. हातात फडकं, फडक्यात पंच. फडकं उलगडून पंच माझ्यापुढं ठेवला.

"मोजा सायेब."

"भाऊसाहेब, बस ना."

"बसायला न्हाई आलो. मोजा."

मी मोजला. ड्रॉइंगमध्ये होतं तेवढंच माप आलं. पुन्हा मोजला. तेवढंच. इथं शहाण्या माणसानं 'चुकलो' म्हणून उठायला हवं होतं. मी म्हणालो,

"हे थंड माप झालं. प्रेसवर पंच गरम झाल्यावर वेगळं वागत असेल."

भाऊसाहेबानं माझ्याकडं असं बघितलं की मला माझी इंजिनिअरिंगची डिग्री उगाच खिशातून डोकावतेय असं वाटलं.

"सायेब, लॉट तेरा काय बरफात मारला हुता का? त्यालाबी ह्योच पंच, ह्योच प्रेस. तवा गरम झाला न्हाई?"

"तपास चालू आहे."

"तपास व्हयील तवा व्हयील. मी जातो डिस्पॅचला. मला त्याचं काय न्हाई. पन ह्या पंचाला नावं ठिवू नका. बावीस वरसांत माज्या पंचाला कुनी झिजला म्हनलं न्हाई. झिजायच्या आदी मीच काडतो."

फडकं गुंडाळून गेला. त्याला त्याचं काही नाही, हे खोटं होतं. जाताना त्यानं दार लावलं नाही, आणि तो दार लावल्याशिवाय कधी जायचा नाही.

संध्याकाळी शेख मॅडम आल्या. त्यांच्या हातात दोन प्लॅस्टिकच्या पुड्या.

"सर, लॉट तेराचे दोन राउंड रिटेन सॅम्पल म्हणून ठेवले होते. आजच्याच जेलीत, आजच्याच बॅरलमधून मारले."

"मग?"

त्यांनी पहिली पुडी टेबलावर उपडी केली. दोन बुलेट. सहा सहा पाकळ्या, बघणाऱ्याला लाज वाटावी इतक्या सारख्या. म्हणजे जेली निर्दोष, बॅरल निर्दोष, आणि पंच तर सगळ्यांत निर्दोष.

"दोन्ही लॉटमध्ये फरक एकच असू शकतो सर. चौदाचं मधे काहीतरी वेगळं झालंय. रूट कार्ड बघायचं का?"

रूट कार्ड म्हणजे लॉटची जन्मपत्रिका. प्रत्येक ट्रेबरोबर एक पिवळं कार्ड फिरतं. कुठल्या मशिनवर कधी गेली, कुणी तपासली, कुणाच्या ताब्यात होती, सगळ्याची तारीख आणि सही. शेख मॅडमनी कार्ड आधीच आणलेलं होतं. दुसऱ्या पुडीखाली होतं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता की त्यांनी ते वाचलंही आहे.

तांब्याचा कप ओढला: सही. शिसं बसवलं: सही. नाक घडवलं, चिरा पाडल्या: भाऊसाहेबाची सही, वळणदार. पोकळीसकट तपासणी, पन्नासच्या पन्नास पास: शेख मॅडमची सही. त्यानंतर थेट लोडिंग यायला हवं होतं. तिथं एक जादा ओळ होती. हातानं लिहिलेली. 'डिझाईन डिपार्टमेंट. तीन दिवस.' कारणाच्या रकान्यात 'पूजेसाठी'. आणि सही.

सही ओळखीची होती. मी ती गेली तीस वर्षं करत आलोय.

आता खंडेनवमीची गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडं त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. आमच्या कारखान्यात प्रत्येक डिपार्टमेंट आपापली वस्तू मांडायचं. टूलरूमची पंच-डायची रांग, क्वालिटीची व्हर्नियर, लोडिंगच्या बायकांचे ट्रे, कॅंटीनचा झारा, इतकंच काय, वॉचमनची शिट्टी. डिझाईनकडं पुजायला काय? माउस. दरवर्षी मी माउसला हळदकुंकू वाहायचो आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, "दरंदलेसाहेब, उंदीर गणपतीत पुजतात." यंदा पहिल्यांदा माझ्या नावावर खरं शस्त्र होतं, माझ्या डिझाईनचं. राउंड मॅगझिनच्या, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठाराच्या, बाहेर आणता येत नाहीत, ते कायद्यानं चुकीचं आणि अकलेनंही. पण नुसत्या बुलेट? त्या काही करत नाहीत, हे वाक्य माझ्या लक्षात होतंच. मी लॉट चौदाचा ट्रे उचलला, रीतसर कार्डावर सही केली, पाटावर लाल कापड घातलं आणि पन्नास बुलेट नाक वर करून उभ्या मांडल्या. झेंडूच्या माळेत त्या इतक्या छान दिसल्या की मी फोटो काढून सासऱ्यांना पाठवला. ते निवृत्त हवालदार. ते म्हणाले, "वा!"

मग मी गंध लावलं. सहाणेवर उगाळलेलं, घट्ट, त्यात कुंकू कालवलेलं. नाक वर केलेली बुलेट असते, तिच्या नाकात बरोबर बोटाच्या टोकाएवढं भोक असतं, आणि गंधाचं बोट कुठं जातं? कपाळाला जातं तसं मधोमध जातं. प्रत्येकीला लावलं. कुणी नाराज राहू नये म्हणून पन्नासांनाही. वर अक्षता. आणि तीन दिवसांनी, सुट्टीहून आल्यावर, सामान नीटनेटकं परत करावं म्हणून मी प्रत्येक बुलेट बाहेरून फडक्यानं चकचकीत पुसली. बाहेरून.

शेख मॅडमनी भरलेल्यांपैकी एक राउंड उघडून त्यातली बुलेट वेगळी काढून दुसऱ्या पुडीत आणलीच होती. भिंगाखाली धरली, टाचणीनं पोकळीत टोचलं. लालसर खडा निघाला. वाळलेलं गंध, सिमेंटसारखं. दुसऱ्यांदा टोकरल्यावर आणखी काहीतरी निघालं. मॅडमनी ते चिमट्यात धरून दिव्याजवळ नेलं.

"सर, हा तांदूळ आहे का?"

"अर्धा," मी म्हणालो. तांदूळ मोडका होता. पूजेला अखंड तांदूळ लागतात, हेही चुकलंच होतं.

पोकळी बुजलेली म्हणजे ओल आत शिरायला जागा नाही, दाब नाही, उमलणं नाही. माझी उमलणारी बुलेट खंडेनवमीला साध्या बुलेटसारखी झाली होती, आणि मी तीन दिवस जेलीला, यंत्राला आणि भाऊसाहेबाला धरून हाणत होतो.

एक शंका राहत होती. राउंड भरताना लोडिंगच्या मंदाताईंना हे लाल दिसलं नाही? त्यांना बोलावलं.

"दिसलं की सायेब! पयल्याच गोळीला दिसलं."

"मग बोलला का नाही?"

"आमाला वाटलं नवं डिझाईन हाय. तुमीच त्यो मोट्टा फोटो लावलाय न्हाई का आमच्या भिंतीला, परदेशातल्या गोळ्यांचा? त्यात हायेत की लाल टोकाच्या. मी म्हनलं, सायबानी आपल्याबी गोळीला लाल टोक आनलं. चांगलं दिसत हुतं."

फोटोतल्या बुलेटच्या नाकात प्लॅस्टिकची टोकं असतात, मुद्दाम बसवलेली, आघात झाला की पाचरीसारखी आत घुसून नाक उघडणारी. पोस्टर मीच लावलं होतं. खाली 'जागतिक दर्जा' असंही लिहिलं होतं.

मंदाताई गेल्या.  शेख मॅडमनी कार्ड माझ्याकडं सरकवलं आणि त्या उठल्या.

"मॅडम, रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"जे झालं ते, सर."

मी रात्री घरी बसून जे झालं ते लिहायचा प्रयत्न केला. पहिल्या मसुद्यात आलं: 'पोकळीमध्ये बाह्य पदार्थ आढळून आला.' आढळून आला. जसा काही तो स्वतः चालत आला होता. बायकोनं मागून वाचलं.

"आढळून आला म्हणजे? घातला कुणी?"

"ते तपासात आहे."

"अहो, तुम्हीच फोटो पाठवलात ना बाबांना!"

मसुदा फाडला.

सकाळी साडेदहाच्या नंतर, शिरूरचा राग उतरल्यावर, मी केबिनमध्ये गेलो. बुलेट, टाचणी, तांदूळ आणि रूट कार्ड टेबलावर मांडलं.

"सर, पंच बरोबर होता. भाऊसाहेबाची चूक नाही."

"मग कुणाची?"

"माझी. मी ह्यांची पूजा केली."

वाघमोडेसाहेबांनी आधी तांदूळ बघितला, मग मला, मग पुन्हा तांदूळ.

"तुम्ही बुलेटची पूजा केली."

"हो सर."

"आतून."

"आतून करायचा हेतू नव्हता सर."

"आणि मग तुम्ही मला सांगितलंत की पंच झिजलाय. आणि मी हेड ऑफिसला सांगितलं की पंच झिजलाय. आता मी हेड ऑफिसला काय सांगू? की आमच्या डिझाईन हेडनं—" पुढं त्यांना शब्द सुचले नाहीत. पुण्याच्या माणसाला शब्द न सुचणं मी पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "मेल तुम्ही लिहा. तुमच्या नावानं. आणि कळमकरची ऑर्डर मी मागं घेतो. पण त्याच्याकडं तुम्ही जायचं. आज. बुधवारला सहा दिवस आहेत आणि तो प्रेसवर आल्याशिवाय नवा लॉट होत नाही."

हे मला माहीत होतं. 

डिस्पॅचमध्ये भाऊसाहेब खोक्यांवर स्टिकर लावत होता. एकेक स्टिकर अगदी कोपऱ्याला समांतर. स्केल लावून बघत होता. मी जवळ गेलो आणि सगळं सांगितलं, गंध, कुंकू, अक्षता, पोस्टर. कुठंही 'आढळून आलं' म्हणालो नाही. तो ऐकत होता, स्टिकर लावत होता. तांदळापाशी आल्यावर हात थांबला.

"म्हंजी सायेब, तुमी चिरा पाडलेल्या वांग्यात मसाला भरला."

"हो."

"आन मंग म्हनला, वांगं चिरलंच न्हाई नीट."

"हो."

तो हसला नाही. हसेल असं मला वाटलं होतं, आणि आपण हसून मोकळे होऊ असंही. "हितं मला सांगून काय उपेग? तुमी हितं म्हनला न्हाई पंच झिजला. केबिनीत म्हनला, त्ये मेलमदी गेलं. टूलरूममदी चला. समद्यांम्होरं म्हना."

टूलरूममध्ये अकरा माणसं होती. लेथ, ग्राइंडर, सगळं बंद करायला लावलं त्यानं. मी मधोमध उभा राहिलो आणि म्हणालो की कळमकरांचा पंच झिजलेला नव्हता, मी न बघता झिजला म्हणालो, दोष माझ्या पूजेचा होता. आत्तापर्यंत इतकी वर्षं मी कित्येक प्रेझेंटेशनं दिली. एवढं छोटं आणि एवढं अवघड एकही नव्हतं. मागून कुणीतरी विचारलं, "सायेब, पावली का पूजा?" अकराच्या अकरा हसले. भाऊसाहेब तेव्हाही हसला नाही, पण त्यानं ऍप्रन खुंटीवरून काढला.

"ठीक हाय. आता सरका. प्रेसपाशी उभं ऱ्हाऊ नका."

दोन दिवसांत लॉट पंधरा निघाला. मी ट्रेपासून दहा फूट लांब होतो. पहिल्या पाच गोळ्या मारल्या, पाचही उमलल्या. मी निःश्वास टाकला आणि तिथं शेख मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"सर, गंधानं पोकळी बुजते तर कपड्यानंही बुजेल ना? कमिटी उघड्या जेलीवरच मारून बघेल कशावरून?"

ही गोष्ट पुस्तकात होती. मी वाचलीही होती. पोकळ नाक कपड्यातून जाताना कापडाची चकती कापून आत कोंबून घेतं आणि मग ते उमलत नाही. वाचलेलं सगळं आठवतं असं नाही. भाऊसाहेबानं विचारलं, "जाडजूड कापड आनता का कुनी?" आणि सगळे माझ्याकडं बघू लागले. मी जीनची पॅंट घालून आलो होतो. घरून जुनी मागवतो म्हणालो आणि मागवली. जेलीपुढं ती ताणून बांधली आणि पाच मारल्या. तीन उमलल्या, दोन बुजल्या. दोन्हींच्या नाकात माझ्या पॅंटची निळी गोळी.

मग शनिवार, रविवार, सोमवार आम्ही तिघं रेंजवर आणि टूलरूममध्ये. पोकळीचं तोंड किती मोठं, चिरा किती लांब, हे पुन्हा ठरवलं. मी ड्रॉइंगमध्ये बदल काढायचो, भाऊसाहेब नवा पंच घासायचा, मॅडम मोजायच्या. मी आकडे सांगू लागलो की भाऊसाहेब म्हणायचा, "गरम का थंड?" तीन दिवसांत हे त्यानं किमान नऊ वेळा विचारलं. प्रत्येक वेळी योग्य जागी. माझ्या तीन पॅंट्स गेल्या, सासऱ्यांचा एक जुना खाकी कोट गेला.

बुधवारी कमिटी आली. प्रमुख एक महिला अधिकारी, बारीक चणीच्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी पेंग्विन बघितला, काही विचारलं नाही. दोन गोळ्या उघड्या जेलीवर मारायला लावल्या, दोन्ही उमलल्या. मग त्या म्हणाल्या,

"आता कपड्यावरून. गुन्हेगार उघडा हिंडत नाही."

वाघमोडेसाहेबांचा चेहरा क्षणभर पांढरा झाला. शेख मॅडमनी कपाटातून घडी घातलेलं जीनचं कापड काढून टेबलावर ठेवलं. आधीच चौकोन कापलेले. दहा.

आठ गोळ्या पूर्ण उमलल्या. एक उमलली, पण पाच पाकळ्यांत. एक अर्धवट. ती अर्धवट का राहिली हे मला आजही माहीत नाही. कमिटीच्या मर्यादेत बसलं. अधिकारी बाईंनी उमललेली बुलेट तळहातावर घेऊन बघितली आणि विचारलं,

"कपड्याची चाचणी तुम्ही आधीच करून ठेवली होती. बहुतेक कंपन्या आम्ही सांगितल्यावर करतात. हे कुणाला सुचलं?"

"आमचे दरंदलेसाहेब," वाघमोडेसाहेब म्हणाले, "पोकळी बुजण्याच्या विषयात त्यांचा विशेष अनुभव आहे."

मागं उभ्या भाऊसाहेबाला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ खोकत होता. मी बाईंना सांगितलं की हे सुचलं शेख मॅडमना आणि पंच ह्या कळमकरांचा. एवढं खरं बोलून दाखवणं मला सोपं गेलं, कारण त्याहून मोठं खरं मी टूलरूममध्ये आधीच बोलून बसलो होतो.

ऑर्डर आली. छोटी होती, पण आली. भाऊसाहेब दिवाळीच्या आधी टूलरूम इन्चार्ज झाला. त्यानं पहिला हुकूम काढला तो असा की टूलरूममध्ये येताना डिझाईनच्या माणसानं आधी विचारायचं. शेख मॅडमनी कंपनीच्या कार्यपद्धतीत एक कलम घातलं: पूजेसाठी फक्त बाद मालाचे नमुने द्यावेत आणि ते परत घेऊ नयेत. नवीन येणारे इंजिनिअर हे कलम वाचून हसतात आणि विचारतात, असं कुणी कधी केलं होतं का. ट्रेनिंग द्यायला मलाच बोलावतात, त्यामुळं उत्तरही मलाच द्यावं लागतं.

मी देतो. मग त्यांना एवढंच सांगतो की बिघाड शोधायला निघालात की कागदावर ज्यांनी ज्यांनी मालाला हात लावला त्यांची यादी करा, आणि पहिलं नाव स्वतःचं लिहा. मला ते पन्नासाव्या नंबरला लिहायची सवय होती. तोवर कागद संपायचा.